मे महिन्यातला समुद्र, कयाक आणि वल्हे मारण्याची रीत

दरवर्षी मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावरची जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होत असल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, आणि साधारण त्याच दिवसांत सुट्टी संपण्यापूर्वी एकदा समुद्र पाहून यावा म्हणून नाशिकहून गाड्या डहाणू, अलिबाग, मालवणच्या रस्त्याला लागलेल्या असतात. ऊन रणरणते असते, आकाश निरभ्र असते, पावसाचा मागमूस नसतो. अशा वेळी किनाऱ्यावरचा माणूस ‘आता दुपारी कयाक सोडत नाही’ असे म्हणाला, की हा सगळा कागदी नियमांचा जाच आहे असे पर्यटकाला वाटते. समुद्राकडे पाहून त्याला धोका दिसत नाही, कारण हंगामाच्या अखेरीस बदलणाऱ्या बहुतेक गोष्टी सकाळच्या वेळी किनाऱ्यावरून दिसतच नाहीत. त्या कोणत्या, आणि वल्हे मारण्याची पद्धत सुधारणे हा त्यावरचा बराचसा उपाय कसा ठरतो, ते येथे पाहू.

कयाक कशाला म्हणायचे

कयाक ही अरुंद, हलकी होडी असते. चालवणारा तोंड पुढे करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे पाण्यात घालतो. नाशिक जिल्ह्यात नौकेचे नाव निघाले की चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांची आठवण येते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी नौकानयनात तेराव्या क्रमांकावर राहिले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या चमूत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांचा खेळ मात्र वेगळा आहे. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा बसतो, वल्ही होडीला अडकवलेली असतात आणि बैठक मागेपुढे सरकते. कयाकमध्ये वल्हे कशालाच अडकवलेले नसते, त्यामुळे त्याचा कोन, खोली आणि वेळ हे सारे चालवणाऱ्याच्या अंगावर अवलंबून राहते.

समुद्रात लांब पल्ल्यासाठी वापरली जाणारी कयाक सुमारे पाच मीटर लांब आणि साठ सेंटिमीटरहूनही कमी रुंद असते. आपल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना मिळते ती बहुधा वर बसायची, आखूड आणि रुंद प्लॅस्टिकची कयाक. ती सहसा उलटत नाही आणि उलटलीच तर पुन्हा वर चढता येते. पण ती संथ असते आणि वारा तिला सहज ढकलतो. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढचा हिशेब त्याच संथपणाशी जोडलेला आहे.

हंगामाच्या अखेरीस काय बदलते

पहिला बदल वाऱ्याचा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो असतो: दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरचा वारा जमिनीकडे येतो; रात्री उलट होते. हिवाळ्यात हे दोन्ही वारे समजूतदारपणे पाळी बदलतात. एप्रिल-मे मध्ये जमीन इतकी तापते, आणि त्यातच मोसमी वाऱ्यांची पूर्वतयारी म्हणून पश्चिमेकडचा वारा मुळातच वाहू लागलेला असतो, की दुपारचा खारा वारा चांगलाच जोर धरतो. सकाळी ताशी आठ किलोमीटरची झुळूक असते, तिचा दुपारी चोवीस किलोमीटरचा वारा होतो. हे ऐकायला तिप्पट वाटते. परंतु वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे होडीवरचा आणि चालवणाऱ्याच्या छातीवरचा दाब नऊपट होतो. सकाळी सहज जमले ते दुपारी अजिबात जमेना, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

दुसरा बदल लांबून येणाऱ्या लाटांचा. इथल्या वाऱ्याने उठलेली लाट आखूड आणि खवळलेली दिसते. दक्षिण गोलार्धातील वादळांनी उठवलेल्या लाटा मात्र हजारो किलोमीटर प्रवास करून, शिस्तीत रांगा लावून आपल्या किनाऱ्याला लागतात. त्यांना स्वेल म्हणतात. दोन लाटांमध्ये सोळा सेकंदांचे अंतर असेल, तर असा लाटांचा जथा खोल समुद्रातून दिवसाला सुमारे हजार किलोमीटर चालून येतो. मे २०२४ च्या सुरुवातीला हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने, म्हणजे देशाच्या महासागर माहिती सेवा केंद्राने, मुंबईसह पश्चिम किनाऱ्याला अशाच लाटांचा इशारा दिला होता, आणि त्या वेळी इथे वादळ नव्हते की ढगही नव्हते. खोल पाण्यात ही लाट होडीला हळूच उचलते आणि हळूच खाली ठेवते, त्यामुळे तिची भीती वाटत नाही. उथळ पाण्यात आली की तिचा तळ अडखळतो, ती उंच होते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीपर्यंत उतरली की फुटते. म्हणजे ती त्रास देते तो नेमका परतताना, किनाऱ्याजवळ.

तिसरा बदल तारखेच्या बेभरवशाचा. मोसमी पाऊस मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो असे हवामान विभाग मानतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. त्यामुळे हंगाम कॅलेंडरवरच्या अमुक तारखेपर्यंत चालतो, या समजुतीला समुद्राचा आधार नाही.

भरतीची वेळ तिथीवरून

मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: त्या दिवशीच्या तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यावर हा हिशेब उभा आहे. ठिकाणानुसार वेळ मागेपुढे होते, म्हणून होडी घालण्यापूर्वी छापील भरतीपत्रक पाहावेच. पण घरी बसून सहल ठरवण्यासाठी ही रीत पुरेशी आहे.

आता हीच रीत दुपारच्या वाऱ्याशेजारी ठेवून पाहा. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पूर्ण भरती अकरा-बाराच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी सहाच्या सुमारास येते. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. खलाशांचा ठोकताळा असा, की एकूण पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग उतरतो; म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी जाते. याचा अर्थ असा, की उधाणाच्या दिवशी खाडीच्या मुखाशी ओहोटीचा सर्वांत जोरदार ओढा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान समुद्राकडे धावत असतो, आणि खारा वारा सर्वांत जोरात किनाऱ्याकडे येण्याची वेळही तीच असते. दोघे समोरासमोर भिडले की लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींना लागून येणाऱ्या होतात. शेजारच्या पुळणीवर माणसे निवांत डुंबत असताना खाडीच्या तोंडाशी मात्र पाणी उकळल्यासारखे दिसते, ते यामुळे.

अष्टमीला हे चित्र उलटते. त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास संपते आणि त्यानंतर पाणी वाऱ्याच्याच दिशेने आत येऊ लागते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिच्यात पाण्याची चढउतार कमी, म्हणून ओढाही कमी. ज्याला खाडीच्या मुखाजवळ कयाक घालायची आहे त्याने शनिवार-रविवार पाहण्याआधी तिथी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे जवळ पडणाऱ्या डहाणूच्या बाजूला तर हे अधिकच लागू पडते, कारण कोकण किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तशी भरती-ओहोटीतील उंचीची तफावत वाढत जाते. मालवणला उधाणातही ती दोनेक मीटर असते, तर मुंबईच्या आसपास चार मीटरांच्या पुढे जाते.

ताशी एक किलोमीटरची किंमत

आता वल्ह्याकडे येऊ. समजा, दोन माणसे सारख्याच होड्यांतून खाडीच्या मुखाबाहेर गेली आहेत आणि त्यांना ओहोटीविरुद्ध एक किलोमीटर आत यायचे आहे. ओढा ताशी चार किलोमीटरचा आहे. पहिल्याचा वल्हवण्याचा वेग ताशी साडेचार किलोमीटर, दुसऱ्याचा साडेपाच. शांत पाण्यात हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. इथे मात्र पहिला ताशी अर्धा किलोमीटर पुढे सरकतो आणि त्याला किनारा गाठायला दोन तास लागतात. दुसरा ताशी दीड किलोमीटर सरकतो आणि चाळीस मिनिटांत पोहोचतो. पहिल्याला मध्येच समोरून वारा लागला, तर तो एकाच जागी वल्हे मारत राहील.

‘मग जोर लावावा की,’ असे व्यायामशाळेत जाणारे तरुण म्हणतात. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. त्यामुळे वेग दीडपट करायचा तर शक्ती तिपटीहून अधिक लावावी लागते. असा जोर पाच मिनिटे टिकतो. एक किलोमीटरचा वेग वाढवायचा असेल, तर तो वाया जाणारी शक्ती वाचवूनच मिळवावा लागतो. वल्हवण्याचे तंत्र म्हणजे ही वाया जाणारी शक्ती कुठे जाते ते ओळखणे.

शक्ती कुठे वाया जाते

नवशिक्या माणसाची पहिली सवय म्हणजे दंडाने ओढणे. कोपर वाकतो, पाते गुडघ्यापाशी पाण्यात पडते आणि पाठीमागे लांबपर्यंत ओढले जाते. दंडाचे स्नायू लहान असतात, ते लवकर थकतात. पाठीचे, कमरेचे आणि पायांचे स्नायू मोठे असतात, पण ते कामाला लागायचे तर धड वळायला हवे. उजवीकडे वल्हे घालताना उजवा खांदा पुढे यावा, छाती डावीकडे वळावी, हात जवळजवळ सरळ राहावेत, आणि मग धड उलट फिरवून ओढ द्यावी. हे जमते की नाही याची खूण सोपी आहे: सदऱ्याची बटणपट्टी प्रत्येक फटक्याला डावीकडे-उजवीकडे फिरताना दिसली पाहिजे. ती समोरच पाहत असेल, तर काम दंडच करत आहेत.

दुसरी गळती वल्हे पाण्यात घालण्याच्या क्षणी होते. पाते पायाच्या बोटांच्या रेषेत, होडीला लगटून, पाण्यात पूर्ण बुडवावे आणि बुडाल्यावरच ओढायला सुरुवात करावी. अर्धवट बुडालेले पाते हवा सोबत घेऊन जाते. मागे बुडबुड्यांचा पट्टा उठतो आणि ‘छळाक्’ असा आवाज येतो. आवाज आणि बुडबुडे म्हणजे पाण्याने पात्याला पकड दिली नाही. चांगला फटका जवळजवळ मुका असतो. येथे मनातली कल्पनाही बदलावी लागते: वल्ह्याने पाणी मागे लोटायचे नसते, पाते पाण्यात एका जागी रोवून होडी त्याच्यापर्यंत ओढून न्यायची असते.

तिसरी गळती शेवटी. पाते कमरेच्या मागे गेले की ते पाणी मागे ढकलण्याऐवजी वर उचलू लागते आणि होडीचा मागचा भाग खाली दबतो. म्हणून कमरेशी येताच पाते बाजूने बाहेर काढावे. फटका आखूड वाटतो, पण वेग कमी होत नाही.

पायांचे काम बहुतेकांना ठाऊकच नसते. उजवीकडे ओढताना उजव्या पायाने पायटेकूवर दाब द्यायचा असतो. तेथूनच धडाचे वळण होडीला मिळते. पायटेकू आपल्या उंचीला न जुळणारा असेल, तर बाकीचे सारे शिकूनही उपयोग होत नाही. भाड्याची होडी घेताना लोक रंग पाहतात. पायटेकू सरकवून घेण्याचा आग्रह मात्र फार थोडे धरतात. वर बसायच्या साध्या होडीत सरकता पायटेकू नसतो, नुसत्या खाचा असतात; तिथे निदान गुडघे थोडे वाकलेले राहतील अशी खाच निवडावी.

पकडीबद्दल एवढेच, की ती सैल असावी. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड येत असतील, तर वल्हे आवळून धरले जात आहे. मनगट वाकवून वल्हवणाऱ्यांचे मनगट दुखू लागते, आणि एकदा तेथील स्नायूबंधांना सूज आली की महिनाभराची विश्रांती ठरलेली.

होडी वाऱ्याकडे तोंड का फिरवते

वारा बाजूने असला की कयाक सरळ जात नाही, ती हट्टाने वाऱ्याकडे तोंड करू पाहते. होडी पुढे जात असताना तिचे नाक नव्या पाण्यात दाबून रुतलेले असते, तर मागचे टोक आधीच ढवळलेल्या, सैल पाण्यात असते. वारा पुढे-मागे सारखाच ढकलतो, पण नाक सरकत नाही आणि मागचे टोक सरकते. बिजागरीकडची कड जागेवर राहून दार मोकळ्या कडेने फिरावे तसे. म्हणून वेग जितका जास्त, तितका हा कल अधिक.

नवखा माणूस यावर एकाच बाजूने वल्हे मारत राहतो, आणि तासाभरात त्याचा तो खांदा निकामी होतो. लांब कयाकमध्ये तळाशी खाली सोडता येणारी छोटी पट्टी असते, ती मागच्या टोकाला धरून ठेवते. साध्या होडीत ती नसते. तेथे वाऱ्याच्या बाजूचा फटका जरा मोठ्या कमानीने, होडीपासून दूर फिरवून मारावा आणि कंबर किंचित वाऱ्याकडे झुकवून होडी त्या कुशीवर ठेवावी. जोराच्या वाऱ्यात वल्हे खाली, आडवे धरावे, फटके आखूड आणि भराभर घ्यावेत. उंच उचललेले पाते वारा पकडते.

‘वारा किनाऱ्याकडेच आणतो, मग भीती कसली?’

ही शंका रास्त आहे. मतलई वारा माणसाला समुद्रात नेतो, खारा वारा परत आणतो. मग दुपारचा वारा उपकारकच म्हणायला हवा. पुळण सलग आणि लाटा लहान असतील, तर तो असतोही. प्रश्न उतरण्याच्या जागेचा आहे. कोकणात पुळणीच्या दोन्ही टोकांना बहुधा खडक असतात, आणि वारा आपल्याला पुळणीवरच आणील असे काही त्याने कबूल केलेले नसते.

शिवाय फुटणाऱ्या लाटांचा पट्टा ओलांडताना लाट होडीचे मागचे टोक उचलते, होडी वेगाने पुढे घसरते आणि क्षणात लाटेला आडवी होते. आडव्या होडीत माणूस स्वभावतः किनाऱ्याकडे, लाटेपासून दूर झुकतो, आणि तिथेच उलटतो. झुकायचे असते ते लाटेकडे, पाते आडवे करून फेसावर टेकवत. मनाविरुद्धची ही हालचाल सराव केल्याशिवाय ऐनवेळी होत नाही. लाटा गटाने येतात: मोठ्या पाच-सहा लाटा, मग काही काळ उसंत. म्हणून फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबून दोन-तीन गट जाऊ द्यावेत आणि शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीवरून आत यावे. होडीतून पडलात तर समुद्राच्या बाजूला राहावे. पाण्याने भरलेली होडी आणि किनारा यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये, कारण पुढची लाट ती होडी गुडघ्यांवर आणून आदळते.

‘नाशिकला समुद्र नाही, सराव कुठे करायचा?’

वर सांगितलेल्यापैकी बरेच काही गोड्या, बंदिस्त पाण्यातच शिकायचे असते. गंगापूर धरणाचा जलाशय शहराला पिण्याचे पाणी पुरवतो, त्यामुळे तेथे परवानगी असलेल्या बोट क्लबच्या हद्दीतच उतरावे. मनाला येईल त्या काठावरून होडी घालणे योग्य नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते आणि काठाला पाय रुतेल असा चिखल असतो, तेव्हा चढण्या-उतरण्याची जागा आधी पाहून ठेवावी.

नाशिकचा उन्हाळी पश्चिम वारा दुपारनंतर मोकळ्या जलाशयावर आखूड लाटा उठवतो आणि होडी वाऱ्याकडे वळण्याचा अनुभव तेथेही मिळतो. आधी वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतताना वारा पाठीशी राहील. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, कोणी सोबत असताना मुद्दाम होडी उलटवून पुन्हा वर चढण्याचा सराव करावा: होडी सुलटी करायची, वल्हे सोडायचे नाही, पाय मागे पाण्यावर आणून जोराने हलवायचे, पोट होडीवर आडवे घालायचे आणि मगच वळून बसायचे. धडधाकट माणसांनाही पहिल्यांदा हे जमत नाही, कारण ते हातांनी स्वतःला वर उचलू पाहतात.

जलाशय शिकवू शकत नाही ते भरतीचे वेळापत्रक आणि फुटणारी लाट. ते समुद्रावरच, आणि शक्य असेल तर हंगामाच्या सुरुवातीला, डिसेंबर-जानेवारीत शिकावे. एप्रिल-मे हा परीक्षेचा काळ आहे, वर्गात बसण्याचा नव्हे.

‘पोहता येते, पाणीही कोमट आहे’

परदेशी चित्रफितींत हंगामाच्या अखेरीचा धोका म्हणून थंड पाणी सांगितलेले असते, कारण तिकडचा हंगाम शरद ऋतूत संपतो. आपल्याकडे मे मध्ये समुद्राचे पाणी तीस अंशांच्या आसपास असते. गारठून मरण्याची भीती नाही. इथला शत्रू उकाडा आहे. नाशिकच्या कोरड्या उन्हात घाम चटकन वाळतो आणि अंग निवते. किनाऱ्याच्या दमट हवेत तो वाळत नाही, शरीर तापतच राहते आणि पाणी मात्र कमी होत जाते. त्यामुळे घरच्या चाळीस अंशांची सवय असलेला माणूसही तेथील चौतीस अंशांत लवकर गळून जातो. पाण्याबरोबर मीठ-साखर घेणे, डोके झाकणे आणि बाह्या लांब असलेला सुती नव्हे, तर लवकर वाळणारा सदरा घालणे, एवढे पुरते.

पोहता येणाऱ्यानेही लाइफ जॅकेट बंद करूनच घालावे. वल्हवून थकलेला, पाणी नाकात गेलेला माणूस तरण तलावातल्यासारखा पोहत नाही; आणि वारा रिकामी होडी पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळवतो, म्हणून होडीमागे पोहत जाण्याची शर्यत तो बहुधा हरतो. जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे; ते हनुवटीच्या वर जात असेल, तर लहान माप मागून घ्यावे किंवा पट्टे आवळावेत. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असावी. मोबाइल जलरोधक पिशवीत, गळ्यात किंवा जॅकेटच्या खिशात असावा, होडीच्या खणात नको.

मे महिन्यात जायचेच असेल तर सकाळी लवकर उतरून दहा-साडेदहाला पाण्याबाहेर यावे, आदल्या संध्याकाळी इन्कॉइसचा लाटांचा आणि हवामान विभागाचा किनाऱ्यासाठीचा अंदाज पाहावा आणि जेथून उतरलो तेथील कोळ्याला विचारावे. तो ‘आज नको’ म्हणाला आणि समुद्र शांत दिसत असला, तर कयाक तशीच वाळूवर ठेवून द्यावी.